दुरून दिसणारी लीग

इंग्लंडमधील स्त्रियांच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचे, म्हणजे विमेन्स सुपर लीगचे, पुष्कळसे सामने २०२५-२६ च्या हंगामापासून रविवारी दुपारी बारा वाजता सुरू होऊ लागले. पुरुषांच्या सामन्यांशी गाठ पडू नये आणि ब्रिटनमधल्या घराघरांत प्रेक्षकाला रविवारची एक ठरलेली वेळ मिळावी, एवढाच विचार ही वेळ मुक्रर करणाऱ्यांच्या मनात होता. तेलंगणाच्या उत्तर टोकावरचे तलमडुगु त्यांच्या हिशेबात असण्याचे काहीच कारण नव्हते. तथापि लंडनचे दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यातले सायंकाळचे साडेपाच, आणि तिकडे उन्हाळी वेळ लागू असेल तेव्हा साडेचार. मेलबर्नच्या प्रेक्षकाला त्याच सामन्यासाठी ऐन थंडीच्या हंगामात रात्री अकरापर्यंत जागावे लागते आणि कॅलिफोर्नियातल्याला पहाटे चारला उठावे लागते. आपल्याला मात्र दिवेलागणीची वेळ अनायासे मिळाली. दूरदेशीची एखादी गोष्ट आपल्या वाट्याला येते ती बहुधा अशीच, कोणी ती आपल्यासाठी योजलेली नसताना.

स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास आजवर प्रायः परवानगीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी बंदी घातली, कोणी उठवली, कोणत्या साली कोणती संघटना स्थापन झाली, असा तो क्रम असतो. तो खोटा नाही. परंतु दुरून पाहणाऱ्याच्या बाजूने पाहिले की या इतिहासाचा एक वेगळाच धागा हाती लागतो, आणि तो धागा दिसण्याचा आहे. हा खेळ थांबवणे कोणालाच फारसे जमले नाही. तो दिसू न देणे मात्र पुष्कळांना जमले, आणि तेही फारसा खर्च न करता.

प्रथम ज्या ठिकाणाहून आपण पाहणार आहोत त्या ठिकाणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील एका मंडलाचे गाव. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो, पश्चिमेला नांदेडचा किनवट तालुका. निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरच्या हैदराबाद राज्यात हा सगळा मुलूख एकाच कारभाराखाली होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्राकडे गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. नकाशे बदलले तरी घरातली भाषा तहसील बदलल्याने बदलत नाही. तेलुगू, मराठी, गोंडी आणि लंबाडी या चार भाषा या भागात शेजारी शेजारी नांदतात, आणि अनेक माणसे त्यांपैकी तीन सहज बोलतात. अशा गावाला दूरचे पाहण्याची सवय जुनीच असते. आपले वर्तमानपत्र एका राज्यातून येते, कचेरीचा कागद दुसऱ्या भाषेत येतो आणि सोयरीक नदीपलीकडे जुळते. त्यात इंग्लंडच्या एका लीगची भर पडली तर त्याचे नवल वाटू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर प्रेस्टनच्या डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्स या दोन स्त्री-संघांत सामना झाला. डिक, कर ही प्रेस्टनमधली कारखानदार कंपनी. महायुद्धाच्या काळात तिच्या कारखान्यात दारूगोळ्याचे काम करणाऱ्या मुलींचा हा संघ. त्या दिवशी मैदानात ५३,००० प्रेक्षक होते आणि हजारो माणसे जागेअभावी बाहेर राहिली. डिक, करच्या मुलींनी सामना ४-० असा जिंकला. मिळालेला पैसा युद्धातून परतलेल्या गरजू सैनिकांच्या मदतीला गेला. यानंतर वर्षही पुरते उलटले नव्हते तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नसल्याचा ठराव केला आणि आपल्याशी संलग्न असलेल्या क्लबांना स्त्रियांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली.

ठरावाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्त्रियांनी फुटबॉल खेळू नये, असा हुकूम असोसिएशन काढू शकत नव्हती. तिच्या हाती मैदाने होती, आणि मैदान म्हणजे गॅलरी, तिकीटखिडकी, प्रेक्षक. ती तिने काढून घेतली. मुली खेळत राहिल्या, उघड्या माळावर, रग्बीच्या मैदानांवर, जत्रेच्या आवारात. १९२२ मध्ये डिक, करचा संघ अमेरिकेला जाऊन पुरुषांच्या संघांशीही खेळला. परंतु पन्नास हजारांची गर्दी पुन्हा जमली नाही. बंदी खेळावर नव्हतीच, पाहण्यावर होती, असे म्हणणे मला अधिक यथार्थ वाटते. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडावे लागले आणि असोसिएशनने तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली ती २००८ मध्ये.

तरीही त्या मुलींपैकी काहीजणी आज आपल्याला धावताना दिसतात, आणि तो उपकार पाथे कंपनीच्या वृत्तचित्रांचा. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवल्या जाणाऱ्या त्या दोन-दोन मिनिटांच्या मूक फितींत डिक, करच्या खेळाडू आहेत. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे, डोक्याला टोपी, आणि चेंडूवर पाय ठेवून कॅमेऱ्याकडे बघताना थोडेसे संकोचलेले हसू. स्त्रियांचा सामना दुरून पाहणारा पहिला प्रेक्षक दूरचित्रवाणीचा नव्हे. तो चित्रपटगृहाच्या अंधारात बसलेला होता.

या दिसण्याच्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी घटना मेक्सिकोतली आहे. १९७१ मध्ये तेथे स्त्रियांची एक जागतिक स्पर्धा भरली. फिफाची तिला मान्यता नव्हती. एका इटालियन मद्यकंपनीचा पैसा तिच्यामागे होता, आणि आयोजकांना नफा हवा असल्याने त्यांनी दोन्ही दारे उघडली, मोठी मैदाने घेतली आणि कॅमेरे आणले. अझ्तेका स्टेडियमवरच्या अंतिम सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक होते. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० असे हरवले, आणि तिन्ही गोल सुझाने आउगुस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. एवढा मोठा सामना, आणि पुढची कित्येक दशके तो जणू झालाच नव्हता. अधिकृत इतिहासात १९९१ ची चीनमधली स्पर्धा हाच पहिला विश्वचषक. मेक्सिकोला गेलेल्या इंग्लंडच्या मुलींना परतल्यावर खेळण्यास मनाई झाली, आणि त्यांच्यापैकी अनेकींनी त्या उन्हाळ्याविषयी घरातही फारसे बोलणे टाळले. २०२३ मध्ये त्या चित्रफितींवर आधारलेला ‘कोपा ७१’ हा माहितीपट आला तेव्हा जगाला ती गर्दी पुन्हा दिसली. चित्रण झाले तरी ते जतन व्हावे लागते, आणि जतन झाले तरी ते कोणीतरी पुन्हा दाखवावे लागते. या दोन पायऱ्या गाळल्या की एक लाख साक्षीदारही पुरे पडत नाहीत.

स्पर्धा आणि लीग यांत फरक आहे, आणि दुरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. विश्वचषक चार वर्षांनी येतो. त्यासाठी माणूस रात्र जागवतो आणि विसरतो. लीग ही रोजच्या दुधासारखी असते. संघ तोच, मैदान तेच, खेळाडूंची दुखापत, पुनरागमन, फॉर्म जाणे, प्रशिक्षक बदलणे हे सगळे आठवड्यामागून आठवडे डोळ्यांसमोर घडते, आणि त्यातूनच आपलेपणा निर्माण होतो. म्हणून स्त्रियांच्या फुटबॉलला दूरचित्रवाणीवर खरी जागा मिळाली का, हे पाहायचे तर विश्वचषकाच्या प्रेक्षकसंख्येकडे न पाहता लीगकडे पाहावे लागते.

या दृष्टीने अमेरिकेतील वुसा या लीगची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९९९ चा विश्वचषक अमेरिकेने स्वतःच्या भूमीवर जिंकला. अंतिम सामन्याला पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक होते. त्या लाटेवर २००१ मध्ये वुसा सुरू झाली, जगातील पहिली अशी लीग की जिच्यात सगळ्याच स्त्री-खेळाडूंना व्यावसायिक वेतन मिळत होते. आणि तिचे प्रवर्तक कोण, तर डिस्कव्हरी वाहिनीचे संस्थापक जॉन हेंड्रिक्स. भांडवल घालणाऱ्यांत मोठमोठ्या केबल कंपन्या होत्या. दूरचित्रवाणीच्या माणसांनी, दूरचित्रवाणीच्या पैशावर उभी केलेली ही लीग होती. मिया हॅमसारखी खेळाडू होती, चीनची सुन वेन, नॉर्वे, जर्मनी आणि ब्राझीलच्या तारका होत्या. असे असूनही तीन हंगामांत सुमारे दहा कोटी डॉलर खर्ची पडले, सामने एका वाहिनीवरून दुसऱ्या, कमी पाहिल्या जाणाऱ्या वाहिनीवर गेले, प्रेक्षक रोडावले, आणि १५ सप्टेंबर २००३ रोजी लीग बंद झाल्याची घोषणा झाली. अमेरिकेतच भरणारा पुढचा विश्वचषक अवघ्या पाच दिवसांवर आला होता!

वुसाच्या अपयशाचा अर्थ त्या काळी अनेकांनी असा लावला की स्त्रियांची लीग कोणी पाहतच नाही. हा निष्कर्ष घाईचा होता. विश्वचषक पाहणाऱ्यांचा जमाव लगेच लीगचा प्रेक्षक होईल, असे गृहीत धरून ताळेबंद मांडले गेले होते, आणि प्रेक्षक घडायला लागणारी वर्षे त्यात धरलीच नव्हती. शिवाय सगळा हिशेब एका देशातल्या एका वाहिनीच्या एका तासाचा होता. सुन वेनचा खेळ शांघायमध्ये आठवड्याला पाहू इच्छिणारे किती असतील, हा प्रश्न हिशेबात नव्हता. परदेशी खेळाडू आणल्या, पण त्यांचे परदेशी प्रेक्षक आणायचे राहिले. २००९ मध्ये सुरू झालेली दुसरी अमेरिकन लीगही तीन हंगामांतच आटोपली, आणि २०१३ मध्ये आलेली तिसरी मात्र टिकली. २०२३ च्या अखेरीस तिचे प्रक्षेपण-हक्क चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलरना विकले गेले.

इंग्लंडची लीग याहून सावधपणे चालली. १३ एप्रिल २०११ रोजी चेल्सी आणि आर्सेनल यांच्यात पहिला सामना झाला तो चेल्सीच्या मुख्य मैदानावर नव्हे, दक्षिण लंडनमधल्या एका लहान मैदानावर, अडीच हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर. आर्सेनलने तो १-० असा जिंकला. ईएसपीएनने तो दाखवला. आठ संघ आणि उन्हाळ्यातला हंगाम, कारण हिवाळा पुरुषांचा. २०१७ मध्ये हंगाम हिवाळ्यात आला, आणि २०१८-१९ पासून लीग पूर्ण व्यावसायिक झाली. २०२१ मध्ये स्काय आणि बीबीसी यांच्याशी तीन वर्षांचा करार झाला, आणि २०२५-२६ पासून पाच वर्षांसाठी तो ६.५ कोटी पौंडांवर गेला. पुरुषांच्या प्रीमियर लीगच्या तुलनेत ही रक्कम चिल्लर आहे, हे सांगायला नकोच.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट या करारांत नाही. ती २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘एफए प्लेयर’ या विनामूल्य सेवेत आहे. जे सामने कोणत्याही वाहिनीने घेतले नव्हते, ते असोसिएशनने स्वतःच इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली, आणि ज्या देशांत हक्क विकले गेले नव्हते तेथील माणसालाही नाव नोंदवून ते पाहता येऊ लागले. पुढे २०२४-२५ च्या हंगामात असे सामने यूट्यूबवर आले. १९२१ मध्ये मैदानाचे दार लावणारी संस्था अठ्ठ्याण्णव वर्षांनी कोणालाही विनातिकीट आत घेऊ लागली, कारण ज्या वस्तूला बाजारात भाव नाही ती वाटून टाकण्याने तिचा भाव वाढू शकतो, हे व्यापाराचे जुने गणित तिला उमगले. यात औदार्य कमी आणि धोरण अधिक होते. परंतु धोरणाने का होईना, दार उघडले.

परदेशी प्रेक्षकाचे वजन कसे वाढते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने दाखवले. ऑस्ट्रेलियाची सॅम कर २०२० च्या जानेवारीत चेल्सीकडून खेळू लागली आणि तिच्या मागोमाग तिचा देश रात्री जागू लागला. खेळाडूच्या पाठीमागे प्रेक्षक जातो, हे पुरुषांच्या खेळात सगळ्यांना ठाऊक होते. स्त्रियांच्या खेळात ते मान्य व्हायला एवढा वेळ लागला. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारच्या ठरावीक वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून हा नियम गेल्या शतकात आला आणि अजून टिकून आहे. त्यामुळे पुरुषांच्या लीगचे जे सामने मँचेस्टरच्या माणसाला घरबसल्या दिसत नाहीत ते मुंबईत आणि नैरोबीत दिसतात. दूर असणे ही नेहमीच उणीव नसते.

तलमडुगुसारख्या गावात हे सगळे पोचले कसे, हा इतिहासही छोटा नाही. दूरदर्शनने १९८६ च्या विश्वचषकाचे सामने दाखवले तेव्हा मराडोना हे नाव खेड्यापाड्यांत गेले. नव्वदच्या दशकात केबल आली, पण ती तालुक्याच्या गावापुरती. खेड्यात चित्र पालटले ते डिसेंबर २००४ मध्ये प्रसारभारतीची विनाशुल्क डीटीएच सेवा सुरू झाल्यावर. एकदा तबकडी विकत घेतली की महिन्याची वर्गणी नाही, हे शेतकरी कुटुंबाला परवडणारे होते. त्यानंतर २०१६ पासून मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि खिशातला फोनच पडदा झाला. इंग्लंडची स्त्री-लीग येथे आली ती या शेवटच्या दारातून.

दुरून पाहताना काय दिसते? पहिली गोष्ट म्हणजे आवाज. अनेक वर्षे आर्सेनलच्या स्त्रिया बोरहॅमवुड येथील मेडो पार्कवर खेळत. ते मैदान जेमतेम साडेचार हजारांचे, आणि तेथील प्रक्षेपणात खेळाडूंच्या हाका स्वच्छ ऐकू येत. मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची सूचना, गोलरक्षकाचे ओरडणे, चेंडू सोडून दे असा इशारा. पुरुषांच्या सामन्यात साठ हजारांच्या गजरात हे सारे बुडून जाते. ज्याला इंग्रजी समालोचन धड उमगत नाही त्यालाही हा संवाद उमगतो, कारण तो शब्दांपेक्षा स्वरांचा असतो. पुढे आर्सेनलचे मोठे सामने एमिरेट्सवर होऊ लागले. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ६०,१६० प्रेक्षक आले, आणि त्या दिवशी खेळाडूंच्या हाका ऐकू आल्या नाहीत. लाभ मोठा होता यात शंका नाही, मात्र पडद्यावरून पाहणाऱ्याने त्याची थोडी किंमत मोजली.

दुसरी गोष्ट पडद्यावरची नसून पडद्यासमोरची आहे. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. लीगचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हा येथे वेचणी चालू असते, आणि वेचणीचे काम मुख्यतः स्त्रिया आणि मुली करतात. रविवार असला तरी कापूस थांबत नाही. सायंकाळी साडेपाचला त्या शेतातून परतत असतात किंवा परतून चुलीपुढे बसलेल्या असतात. फोन आणि रिमोट पुरुषांच्या हातात असतो. लंडनमधल्या स्त्रियांचा सामना येथे मुख्यतः पुरुष आणि मुलगे पाहतात, यातला विरोध कोणाच्या ध्यानात येत नाही असे नाही. पण ध्यानात येणे आणि फोन पुढे करणे यांत अंतर आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्या मुली परदेशी लीगमध्ये गेल्या त्याचा विचार करावा लागतो. मणिपूरची ओइनाम बेमबेम देवी २०१४ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंट संघाकडून खेळली. अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या स्त्री-संघाची गोलरक्षक झाली, मात्र तो संघ तेव्हा सर्वोच्च श्रेणीत नव्हता. मणिपूरचीच बाला देवी जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्समध्ये दाखल झाली आणि युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय स्त्री-फुटबॉलपटू ठरली. काही आठवड्यांतच महासाथीने स्कॉटलंडची लीग थांबली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मदरवेलविरुद्ध तिने आपला पहिला लीग-गोल केला. आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशची ज्योती चौहान आणि तेलंगणाची सौम्या गुगुलोत या दोघी क्रोएशियाच्या डायनामो झाग्रेबकडे गेल्या.

सौम्या निजामाबाद जिल्ह्यातली, लंबाडी समाजातली मुलगी. आदिलाबादहून दक्षिणेला निर्मल ओलांडले की निजामाबाद लागते, आणि तलमडुगु मंडलातही तिच्या भाषेचे लोक राहतात. हैदराबादने एकेकाळी भारतीय फुटबॉलला सय्यद अब्दुल रहीम दिले, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. हैदराबाद सिटी पोलिसांच्या त्या वैभवाच्या कथा आजही सांगितल्या जातात. मात्र ते वैभव शहराचे आणि पुरुषांचे होते. एका तांड्यावरून निघून झाग्रेबपर्यंत पोचलेल्या मुलीची वाट त्या परंपरेतून गेलेली नाही. आता प्रश्न असा की इंग्लंडची लीग पाहणाऱ्या गावाला क्रोएशियाची लीग दिसत होती का? लंडनचा चेल्सी फोनवर सहज सापडतो. जिथे आपल्या शेजारच्या जिल्ह्याची मुलगी खेळते ती लीग मात्र दिसण्याच्या व्यवस्थेच्या परिघावर असते. परदेशातील लीग म्हणून जे काही आपल्याला दिसते ती निवड आपली नसते, हे येथे स्पष्ट होते.

आणि स्वदेशातील लीग? इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम २८ जानेवारी २०१७ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर सुरू झाला. सहा संघ, एकच मैदान, आणि सगळी लीग पंधरा-सतरा दिवसांत आटोपली. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ती जिंकली. पुढील काही वर्षे हाच प्रकार शिलाँग, लुधियाना, बंगळूर, भुवनेश्वर, अहमदाबाद अशी गावे बदलत चालला. कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे हे महाराष्ट्रातले संघही तीत खेळून गेले. कोल्हापूरच्या तालमी-तालमींत फुटबॉलचे वेड किती आहे हे वाचकांना ठाऊक आहेच. पण कोल्हापूरच्या मुलींचा सामना लुधियानात, तेव्हा कोल्हापूरकरही तो पाहणार कुठे? २०२३-२४ मध्ये प्रथमच प्रत्येक संघ स्वतःच्या गावी आणि प्रतिस्पर्ध्याच्या गावी असे खेळू लागला, आणि लीग या शब्दाला अर्थ आला. सामने भारतीय फुटबॉल महासंघाच्या यूट्यूब वाहिनीवर येत. एखादाच कॅमेरा, वरून घेतलेले दूरचे चित्र, गोलाची पुनरावृत्ती कधी मिळे कधी नाही. पाहणारे थोडे असत. परंतु त्या थोड्यांत परदेशातले भारतीयही होते, कारण यूट्यूबला सीमा नसते, आणि दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्याला आपल्या गावच्या मुलीचा सामना पाहण्याचा तोच एक मार्ग होता.

२०२२ हे वर्ष या बाबतीत विसरता येण्याजोगे नाही. जानेवारीत आशियाई स्त्री-चषक महाराष्ट्रात भरला, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी या तीन मैदानांवर. २० जानेवारीला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चिनी तैपेईविरुद्धचा सामना व्हायचा होता, पण भारतीय संघात कोरोनाची लागण इतकी झाली की नियमानुसार तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झालाच नाही आणि यजमान स्पर्धेतून बाद झाले. मराठी मुलखात भरलेल्या त्या स्पर्धेत प्रेक्षकांना भारताचा एकच सामना पाहायला मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना तेथून न खेळता परतावे लागले. निलंबन २६ ऑगस्टला उठले, पण तोवर उशीर झाला होता. या दोन्ही प्रसंगी खेळाडूंचा काही दोष नव्हता.

तुलनेसाठी क्रिकेटकडे पाहू. स्त्रियांची प्रीमियर लीग मार्च २०२३ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि तिचा पहिला चेंडू पडण्यापूर्वीच पाच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क ९५१ कोटी रुपयांना विकले गेले होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. फुटबॉल आणि क्रिकेट यांची बरोबरी करणे मला प्रशस्त वाटत नाही. येथे सांगायचे ते इतकेच की, आपल्या समाजाला स्त्रियांचा खेळ पाहावासा वाटत नाही, हे कारण यापुढे कोणाला पुढे करता येणार नाही.

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे भारताच्या स्त्री-संघाने यजमानांना २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. या विजयाने २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकाची पात्रता भारताने प्रथमच पात्रता फेरी खेळून मिळवली. सौम्या गुगुलोत त्याआधीच्या मोसमात ईस्ट बंगालकडून खेळून लीग जिंकली होती, आणि महासंघाने तिला २०२४-२५ ची सर्वोत्तम स्त्री-खेळाडू ठरवले. झाग्रेबहून परतलेली ही मुलगी आता कोलकात्याच्या संघात आहे. तलमडुगुहून कोलकाता लंडनपेक्षा पुष्कळच जवळ. रविवारी साडेपाचला फोन उघडला तर आधी चेल्सी समोर येतो. ईस्ट बंगालच्या मुलींचा सामना पाहायचा असेल तर त्या दिवशी सामना आहे का, असला तर कधी आणि कुठे दाखवणार आहेत, हे आधी शोधून ठेवावे लागते.